गवताखालची चटई

त्या बैठकीत फ्राऊ केस्लर यांनी हात वर केला होता आणि मी तो पाहिला होता. हे आधीच सांगून टाकतो, कारण नंतर बरेच दिवस मी स्वतःची समजूत घालत होतो की माझं लक्ष नव्हतं. लक्ष होतं. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "त्यावर आपण नंतर बोलू." नंतर मी बोललो नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. र्युसेल्सहाइमजवळच्या एका छोट्या ऑफिसात क्रीडा मैदानांचं डिझाइन करतो. त्या वर्षी माइन नदीकाठच्या एका गावाचं काम आमच्याकडे होतं. गावात फुटबॉल, हँडबॉल, रग्बी असे वेगवेगळे फेराइन. फेराइन म्हणजे रीतसर नोंदवलेलं मंडळ. जर्मनीत कबुतरं पाळायची असली तरी लोक आधी फेराइन काढतात. नगरपालिकेने सगळ्यांसाठी मिळून एकच संकुल आणि एकच कृत्रिम गवताचं मैदान बांधायचं ठरवलं. रग्बीवाल्यांच्या जुन्या मैदानावर घरं होणार होती. हिवाळ्याआधी त्यांना ते सोडायचं होतं. दुसरी जागा नव्हती. नवं मैदान त्यांच्या कामाचं नसेल तर क्लब संपला, इतकं ते सरळ होतं.

हा क्लब रग्बी लीगचा. रग्बीचे दोन प्रकार आहेत. लीग हा त्यातला धाकटा, एका बाजूला तेरा खेळाडूंचा, आणि जर्मनीत फार थोडे लोक तो खेळतात. लंबगोल चेंडू घेऊन एकजण पळतो, समोरचे त्याला धरून आडवा करतात. आपल्या कबड्डीतली पकड समजा, पण भरधाव धावणाऱ्या माणसाची. पडलेला उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, पुन्हा खेळ सुरू. सहाव्यांदा आडवा झाला की चेंडू समोरच्यांकडे. म्हणजे या खेळात पडणं हा अपघात नाही, तेच मुख्य काम आहे.

हे सगळं मला नंतर कळलं. सगळ्या फेराइनना बोलावलेल्या त्या बैठकीत मी आपल्याकडची सवय घेऊन गेलो होतो. जो वयाने आणि मानाने मोठा, त्याला विचारलं की सगळ्यांना विचारल्यासारखं. तिथे मोठे होते हेर ब्रांट, फुटबॉल फेराइनचे अध्यक्ष; हेर म्हणजे श्रीयुत, फ्राऊ म्हणजे बाई. पांढऱ्या मिशा, सत्तरी ओलांडलेली, अर्धं गाव त्यांच्या हाताखाली खेळलेलं. मी विचारलं, "गवताचा हा प्रकार चालेल?" ते म्हणाले, "चालेल." मी ड्रॉइंग मिटलं. मग फ्राऊ केस्लर यांचा हात वर गेला. रग्बी क्लबच्या त्या अध्यक्षा, तिशीतल्या, फिजिओथेरपिस्ट. बाकी मी सांगितलंच आहे.

काम झपाट्याने चाललं. खडीचे थर झाले, कडेचे दगड बसले, गवताच्या गुंडाळ्या साइटवर येऊन पडल्या. सोमवारपासून गवत अंथरायचं होतं. त्याआधीच्या सोमवारी संध्याकाळी मी रग्बीवाल्यांच्या जुन्या मैदानावर गेलो. त्यांचे उंच गोलपोस्ट नव्या जागी आणायचे होते, त्या खांबांच्या जमिनीतल्या पायाचं माप घ्यायचं होतं. तिथे सराव चालू होता.

टेप हातात धरून मी उभाच राहिलो. एक दांडगा माणूस चेंडू छातीशी धरून धावत आला. दोघे त्याच्या कमरेवर झेपावले. तिघांचं ओझं एकदम जमिनीवर आलं आणि तो आवाज माझ्या बुटांच्या तळव्यांना जाणवला. पडणाऱ्याचं डोकं गवतावर आपटलं. मी डोळे मिटले. उघडले तर तो उठून उभा होता आणि ज्याने पाडलं त्याच्याच पाठीवर थाप मारत होता. पुन्हा धाव, पुन्हा पकड, पुन्हा तो आवाज. इतकी मैदानं बांधली मी, पण मैदानावर माणूस पडतो हे तोवर कधी पाहिलंच नव्हतं.

फ्राऊ केस्लर पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन आल्या. "काय, भीती वाटली?"

"रोज असेच पडता?"

"आठवड्यातून दोनदा. ही जमीन मऊ आहे म्हणून जमतं." मग त्या थांबल्या. "नव्या गवताखाली पॅड आहे ना?"

पॅड म्हणजे फोमची चटई. कृत्रिम गवताखाली ती घातली की डोकं आपटलं तरी मार कमी बसतो. आम्ही निवडलेल्या गवतावर फुटबॉल तिच्याशिवाय चालतो. रग्बी नाही. मी ती घातली नव्हती.

"ड्रॉइंग पाहून सांगतो," मी म्हणालो. पाहायचं काहीच नव्हतं.

घरी जेवताना वैशालीला, माझ्या बायकोला, सगळं सांगितलं. ती वरण वाढता वाढता थांबली. "अहो, बाबांना ग्रामसभेत असंच बसवायचे ना?"

माझे वडील नांदेडकडच्या आमच्या गावात वस्तीच्या पाण्याचा विषय काढायला दर सभेत उभे राहायचे. "बघू, कांबळे, बस आता," असं म्हणून त्यांना बसवायचे. मी तेव्हा मागच्या भिंतीला टेकून ऐकत असे. वैशाली टोमणा मारत नव्हती, तिला नुसतं आठवलं होतं. मी ताट बाजूला सारलं आणि पुरवठादारांची यादी काढून बसलो.

सकाळी साहेबांना, हेर फोग्टना, सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. "उपाय?"

"पॅड घालायचं तर खडीचा वरचा थर पॅडच्या जाडीइतका खरवडावा लागेल, नाहीतर गवत कडेच्या दगडांच्या वर येईल. मशीन शुक्रवारपर्यंत करेल. म्युनिककडे एका पुरवठादाराकडे पॅड पडून आहे. पण सोमवारी गवत अंथरणाऱ्या टोळीला जागा तयार मिळाली नाही, तर ती थेट वसंतात येईल. शनिवार-रविवारी पॅड अंथरायला माणसं नाहीत."

"माणसं शोधा. आणि ऐका, 'चूक' हा शब्द कुठेही नको. 'समन्वयातली त्रुटी' म्हणा. माफी तर मुळीच मागू नका. विमा कंपनी आधी तेच पकडेल."

मी मान डोलावली. मग फ्राऊ केस्लरना फोन करून पॅड नाही, ते अंथरायला शनिवार-रविवारी माणसं हवीत, एवढंच कळवलं. त्यांनी किती माणसं लागतील ते विचारलं. नंतर म्हणाल्या, "आमची माणसं येतील. पण आम्ही पुरे पडणार नाही."

म्हणून मी हेर ब्रांटकडे गेलो. मला वाटलं होतं, ते चिडतील. शनिवारी त्यांच्या संघाचा घरच्या मैदानावर सामना होता, फुटबॉलच्या जुन्या मैदानावरचा शेवटचा. ते बागेत सफरचंदं वेचत होते. मी बोलत असताना त्यांनी वेचणं थांबवलं नाही.

"म्हणजे त्यांची डोकी फुटली असती?"

"शक्यता होती."

"आमची मुलं पडली की नाटक करतात. ती बिचारी खरंच पडतात." त्यांनी बादली उचलली. "आल्झो, म्हणजे ठरलं, सामना पुढे ढकलतो. शनिवारी सकाळी आर्बाइट्सआइनझात्स."

हा शब्द मी इथे येऊन शिकलो. फेराइनच्या कामासाठी सभासदांनी स्वतः राबायचं, त्याला हे म्हणतात. ऐकला होता, पाहिला नव्हता.

शनिवारी मी लवकर पोचलो तरी उशीरच झाला होता. अर्धं गाव फाटकाशी उभं होतं. फुटबॉलवाले, हँडबॉलच्या बायका, पाठदुखीसाठी व्यायाम करणारा म्हाताऱ्यांचा गट, तोही गुडघ्याला पट्टे बांधून. कंत्राटदाराचा मुकादम यिल्दिझ एका पेटीवर चढला. "खडीवर टाच घासायची नाही. गुंडाळी चौघांनी उचलायची. जोड घट्ट. हे बरोबर झालंय म्हणून शेवटी सही कोण करणार?"

"मी," मी म्हणालो.

"गेनाऊ, अगदी बरोबर," तो म्हणाला. "मग मी शांत झोपेन."

काम सुरू झालं आणि मी काही काळ नुसता पाहत राहिलो. करडी मोकळी खडी, त्यावर काळ्या गुंडाळ्या घेतलेली माणसं पावलाला पाऊल जुळवून चाललेली. कोणी ओरडत नव्हतं. एक पट्टा उलगडला की लगेच दुसरा. गुडघ्यावर बसून आजीबाई तळहाताने जोड चाचपत होत्या, जणू बाळाचं अंथरूण घालताहेत. एका फुटबॉलवाल्याने रग्बीच्या लंबगोल चेंडूवरून चिडवत हाक मारली, "अंडेवाल्यांनो, गादी मऊ आहे का?" रग्बीचा तो दांडगा म्हणाला, "तुमच्यासाठीच घालतोय, लोळायची सवय तुम्हाला!" हशा पिकला, पण हात थांबले नाहीत. दोन दिवसांत एकानेही मला विचारलं नाही की हे कुणामुळे झालं. कुणी विचारलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

रविवारी दुपारी शेवटचा पट्टा बसला. सोमवारी टोळी आली, गवत पडलं. तपासणीवाल्यांनी उंचावरून वजन टाकून पाहिलं, मैदान पास झालं. खर्चाचं आमचं ऑफिस आणि विमा कंपनी यांच्यात मिटलं.

धडा विचाराल तर साधा आहे. ज्या खेळात माणूस सगळ्यात जोरात पडतो, त्याला आधी विचारावं. हे कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत, बहुधा शिकवायची गरज वाटत नसेल.

उद्घाटनाचा सामना रग्बीवाल्यांना दिला होता, तो ब्रांट यांचा आग्रह. सामना संपल्यावर क्लब हाउसमध्ये केक कापला. हेर फोग्ट आले होते. त्यांनी नगरपालिकेचे, कंत्राटदाराचे आभार मानले आणि समन्वयातल्या एका त्रुटीचा ओझरता उल्लेख केला. मग मी उभा राहिलो. मला बोलायला कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांची भुवई वर गेलेली दिसली. फ्राऊ केस्लर दाराशी, चिखल नसलेल्या बुटांत, हातात ताटली घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वळलो.

"फ्राऊ केस्लर, बैठकीत तुम्ही बोलणार होतात. मी तुम्हाला बोलू दिलं नाही, आणि पुढेही विचारलं नाही, कारण तुमचा क्लब मला लहान वाटला. पॅड त्यामुळे राहिलं. समन्वय चुकला नव्हता, मी चुकलो. तुमची आणि तुमच्या खेळाडूंची मी माफी मागतो."