माहेरी बरी, सासरी आजारी

अन्याय झाला तो माझ्या वहिनीवर, सुनंदावर. २००१ च्या संक्रांतीपासून २००४ च्या पाडव्यापर्यंत. करणारे परके नव्हते. कागल तालुक्यातलं आमचं चांगलं शिकलेलं घर होतं. मी तिची नणंद. बायकांच्या आरोग्याची पत्रकं एसटी स्टँडवर वाटते. हे पत्रक आमच्याच घराचं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी शाहूपुरीतल्या दवाखान्यात पोटाच्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट समोर धरला. "सीलिॲक डिसीज," त्या म्हणाल्या. "म्हणजे गहू हिला चालत नाही."

आई हसलीच. "गहू कुणाला चालत न्हाय व्हय, डॉक्टर?"

वहिनी मात्र हसली नाही. ती रडायला लागली.

तिचं माहेर गडहिंग्लजच्या पुढं. तिथं रोज जोंधळ्याची भाकरी आणि भात, गहू सणासुदीला. तशी ती लहानपणापासून अंगानं किरकोळ. पाळीही मैत्रिणींपेक्षा उशिरा आलेली. पण संक्रांतीनंतर लग्न होऊन आमच्याकडं आली आणि तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. जेवलं की पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, जिना चढताना धाप लागायची. आमच्याकडं शेताला विहिरीचं पाणी, घरचा गहू. आई अभिमानानं सांगायची, "आमच्यात दोन्ही वक्ताला चपाती असतीया."

पहिल्या वर्षी दिवस गेले आणि तिसऱ्या महिन्यात पडलं. पुढच्या वर्षी पुन्हा तसंच. रक्त कमी आहे म्हणून गावातल्या डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन रक्त वाढेना, तर म्हणाले, "गोळ्या खात नसेल ही." खात होती. माझ्या डोळ्यांसमोर खात होती. पण रक्त का वाढत नाही, हा प्रश्न कुणाला पडला नाही.

अंगात ताकद यावी म्हणून आई रोज सकाळी खपली गव्हाची खीर करायची. गूळ, खोबरं, वर तुपाची धार. स्वतःच्या हातानं वाटी पुढं करायची. वहिनी नको म्हणाली की, "जीव टाकून करतोय मी, आन तू तोंड फिरवतीस?" वहिनी खायची. तासाभरानं परसात पळायची.

माहेरी महिनाभर राहिली की तिच्या गालांवर रंग यायचा. परत आली की आठ दिवसांत उतरायचा. मग आत्या, चुलत्या, शेजारणी सगळ्यांना एकच शहाणपण सुचलं. "माहेरी बरी, सासरी आजारी. सोंग हाय सगळं." एका आत्यानं दादाला तोंडावर सांगितलं, "वांझोटी घिऊन बसतोस काय? दुसरी बघ की." दादा म्हणाला, "आत्या, चहा पी आन जा." तेवढं बोलला म्हणून वहिनी आमच्या घरात टिकली.

रिपोर्टच्या आधी शाहूपुरीच्या दवाखान्यात पहिल्यांदा गेलो, तेव्हा आईनं तक्रार म्हणून हेच सांगितलं. "डॉक्टर, माहेरी गेली की हिला कायबी हुईत न्हाय. हितं आली की सुरू."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "माहेरी काय खाते ही?"

तीन वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला.

मग टीटीजी नावाची रक्ताची तपासणी झाली. ते रक्त मुंबईला गेलं. नंतर एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून आतडं बघणं, आणि बायोप्सी, म्हणजे आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासणं. गहू आणि सातू, म्हणजे जव, यांत ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं. ते पोटात गेलं की या आजारात शरीर स्वतःच्याच आतड्याच्या अस्तरावर उलटतं. मग लोह, फॉलिक ॲसिड, काहीच नीट शोषलं जात नाही. काही बायकांची पाळी बिघडते, काहींना दिवस राहत नाहीत, काहींचा गर्भ टिकत नाही, काहींचं बाळ कमी वजनाचं होतं. पुरुषांनाही हा आजार होतो. दोष फक्त बाईत शोधणाऱ्यांसाठी हे सांगितलं.

"दोन्ही वेळा गर्भ याच कारणानं गेला, असं मी शपथेवर सांगणार नाही," रिपोर्ट समजावून झाल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण हे कारण असू शकतं, आणि यावर उपाय आहे. गहू कायमचा बंद. खपलीसुद्धा."

खपली म्हटल्यावर आईचं तोंड उतरलं. परतीच्या बसमध्ये ती एकदाच बोलली. "म्या हातानं खाऊ घातलं गं तिला."

"तुम्हाला काय ठावं होतं, आत्ती?" वहिनी सासूला म्हणाली. वहिनीचा हा मोठेपणा मला अजून जमत नाही. आईला माहीत नव्हतं, मान्य. पण सोंग म्हणणाऱ्यांनी माहीत नसताना बोलायचं कशाला?

गहू बंद केला, पोट निम्मं सुधारलं, तरी टीटीजीचा आकडा पुरता खाली येईना. डॉक्टरबाईंनी खोदून विचारलं तेव्हा कळलं, गिरणीत आमच्या जोंधळ्याच्या आधी कुणाचा ना कुणाचा गहू दळलेला असतो. तेवढं पीठही बाधतं. दुसऱ्या दिवशी आईनं माळ्यावरचं जातं खाली घेतलं, घासून धुतलं. वहिनीचा तवा वेगळा, परात वेगळी. शेजारीण दारातून ओरडली, "काय वो, गिरणी बंद पडली काय?"

"सुनंचं औषध दळतोय," आई म्हणाली. "सोंग म्हणत हुतीस न्हवं? ये, हात लाव जरा."

शेजारीण आली. लाजत का होईना, बसली.

रक्त भरायला वर्ष लागलं. डॉक्टरबाई हो म्हणेपर्यंत दोघं थांबली. २००६ च्या पावसाळ्यात मुलगी झाली, चांगली सव्वासहा पौंडांची. बारशाला वहिनीची ओटी भरताना आईनं गहू घेतले नाहीत, तांदूळ घेतले. 'दुसरी बघ' म्हणणाऱ्या आत्यानं विचारलंच, "गहू न्हाईत व्हय?" आई म्हणाली, "आमच्यात चालत न्हाईत." ते म्हणताना तिच्या आवाजात तोच जुना चपातीचा अभिमान होता.

आता तुम्ही. तुमच्या घरात एखादी बाई असेल, जिचं रक्त गोळ्यांनी वाढत नाही, पोट सारखं बिघडतं, गर्भ टिकत नाही. तिला दवाखान्यात न्या आणि टीटीजीची तपासणी आपणहून मागा. तोवर गहू बंद करू नका, नाहीतर तपासणीत आजार दिसायचा नाही. आणि आज संध्याकाळी ताट वाढताना तिला विचारा, तू कुठं बरी असतेस, आणि तिथं काय खातेस? मग ती सांगेल ते खरं धरा.