लांबी कोणती धरली?

अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात आरतीला फूटपट्टी घेऊन उभा राहणारा माणूस एकच, आणि तो माझ्या नणंदेचा नवरा आहे. मेहकरच्या या भाऊजींनी तंत्रनिकेतनात उभी नोकरी पोरांना पाणी कसं वाहतं हे शिकवण्यात घालवली. ते निवृत्त झाले, पण त्यांच्या डोक्यातलं पाणी काही थांबलं नाही. नळ जरासा सोडला की धार काचेच्या कांडीसारखी दिसते, जास्त सोडला की खळखळते. ती नेमकी कुठे बिघडते हे पाहत ते आमच्या न्हाणीत इतका वेळ बसत की बाहेर रांग लागे. सत्यनारायणाला सगळे हात जोडून बसलेले असताना यांची खिशातली घडीची पट्टी अगरबत्तीशेजारी उभी. "पाहा वहिनी, वीतभर सरळ गेला धूर, अन् मंग भरकटला." त्या वेळी गुरुजीही पोथी सोडून धुराकडे पाहायला लागले होते.

त्यांचं म्हणणं असं, की वेग, चिकटपणा, वजन या सगळ्यांचा गुणाकार-भागाकार केला की शेवटी एक आकडा उरतो. त्याला ना मीटर, ना सेकंद, ना लिटर. "त्याले गाव नाही, जात नाही. मेहकरच्या नळात तोच अन् जर्मनीच्या पाइपात तोच!" पण तो आकडा काढायला आधी एक लांबी धरावी लागते, नळाची रुंदी म्हणा, तळ्याची खोली म्हणा, आणि ती चुकली की सगळंच चुकलं. म्हणून ते भेटेल त्याला विचारत, "लांबी कोणती धरली?" शेततळं खोदणाऱ्याला, कूलर घेणाऱ्याला, एकदा तर आमच्या गावच्या, धाडच्या बाजारात भजी तळणाऱ्यालासुद्धा. चहा बशीत ओतला की खूश होत. बशीत खोली कमी, म्हणून चहा लवकर निवतो. हा शोध लावणाऱ्याचा सत्कार व्हायला हवा होता, असं ते गंभीरपणे सांगत.

मी व्यवहारी बाई. मला हे सगळं रिकामपणाचं वाटे. आता लिहिताना मान खाली जाते, पण लिहून टाकते.

माझ्या मुलीचं साक्षगंध होतं, साखरपुडाच म्हणा. मठ्ठ्यासाठी दही मी घरीच लावणार होते. धाडमध्ये माझ्या दह्याचं नाव आहे. घरचं दोन लिटरचं पातेलं तासाभरात कोमट होतं. कार्यासाठी आणलेला गंज, म्हणजे मोठं उभट पातेलं, रुंदीलाही तिप्पट आणि उंचीलाही, म्हणून मी दूध तीन तास निवू दिलं. भाऊजी थर्मामीटर घेऊन आले. "काऊन वहिनी, लांबी कोणती धरली? भांडं तिप्पट म्हंजे वेळ नऊपट, मधात दूध अजून कढतच असंन. परातीत ओता, खोली कमी करा." स्वयंपाकघरात पाहुण्या बायका भरलेल्या. मी म्हणाले, "भाऊजी, तुमचं गणित फळ्यावर ठेवा. दही हातानं लागते, आकड्यानं नाही." सगळ्या हसल्या. ते थर्मामीटर खिशात घालून निघून गेले. मी कडेला बोट बुडवून पाहिलं, कोमट लागलं, विरजण घातलं आणि वर गोधडी गुंडाळली.

सकाळी गंजात वर आंबट पाणी होतं आणि खाली तार सुटलेला चोथा. विहीणबाई दारातच उभ्या. "दह्याले काय झालं हो?" मी गोधडी पुन्हा गंजावर ओढली. तेवढ्यात माझी नणंद नवऱ्याकडे वळली, "यायनंच खुडबुड केली असंन. कालपासून थर्मामीटर घेऊन फिरून राह्यले."

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. गंजाला त्यांनी बोटसुद्धा लावलेलं नव्हतं, हे आम्हा दोघांनाच ठाऊक. "हाव," ते म्हणाले, "मीच झाकण उघडून पाह्यलं. माझ्यानंच बिघडलं."

मी गप्प राहिले. विहिणीसमोर माझी लाज राहिली आणि भाऊजींना 'दहीमास्तर' हे नाव पडलं. मुलीच्या लग्नात पोरंसोरं त्यांना मांडवातच सांगत होती, "दहीमास्तर, तिकडं आचाऱ्यापाशी जाऊ नका बरं!" ते हसत होते. त्या दिवसापासून त्यांनी कुणालाच लांबी विचारली नाही.

परवा नणंद आणि भाऊजी दोघं आली. मी दूध मुद्दाम तीन परातींत, येताजाता दिसेल असं निवत ठेवलं होतं. ते थबकले. त्यांचा हात खिशाकडे गेला. खिशात पट्टी नव्हती. मी नणंदेसमोरच बोलले, "भाऊजींनी त्या दिवशी झाकण उघडलंच नव्हतं. दही मी बिघडवलं. ते सांगत होते, मी ऐकलं नाही."

नणंद खळखळून हसली. "राहू द्या वहिनी, यायची बाजू काऊन घेता? मले माहीत नाही का हा माणूस!"

मी पुन्हा सांगितलं. तिला तो माझा चांगुलपणाच वाटला. भाऊजी म्हणाले, "जाऊ द्या वहिनी. चहा टाका."

चहा घेऊन बाहेर आले तर ते देवघराच्या दारात उभे होते. आत अगरबत्ती जळत होती. धूर जिथे भरकटतो तिथवर त्यांनी नजरेनंच मोजलं, आणि मग कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून चटकन मागे वळून बघितलं.