न सांगता जाऊन बसणाऱ्या सुमनबाई

वंदनाताईंचा, म्हणजे माझ्या नणंदेचा फोन आला तेव्हा मी कुवेतमध्ये, दस्मानजवळच्या आमच्या बँकेत होते. कामाच्या वेळात त्या कधी फोन करत नाहीत, म्हणून मी उचलतानाच खुर्चीवरून उठले. "वहिनी, आई गेली गं..." एवढंच त्या म्हणाल्या. मागे लग्नघरातली भांडी वाजत होती, कुणीतरी मोठ्यानं कुणाला तरी हाक मारत होतं. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाचीच्या लग्नाला म्हणून आमच्याकडून गावाला गेल्या होत्या. सकाळपासून छातीत दुखत होतं. वंदनाताई दवाखान्यात चला म्हणून मागे लागल्या, तर "पंगत उठू दे, मग जाऊ" म्हणाल्या. पंगत उठायच्या आत त्याच गेल्या.

शेखरला, माझ्या नवऱ्याला, ही बातमी मलाच सांगायची होती. तो मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इंजिनीअर आहे आणि प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही. मी कंट्रोल रूमला फोन लावला, त्याला बोलवा म्हटलं आणि फोन कानाला लावून उभी राहिले. तो आला. मी सांगितलं. मागे यंत्रांचा आवाज होता. तो म्हणाला, "जेवली होती का?" मी नाही म्हटलं. त्यावर तो "बरं" म्हणाला, आणि मला वाटतं, तेव्हा तो रडायला लागला.

या गोष्टीला आता काही आठवडे झाले. आईंबद्दल लिहावंसं वाटतं, कारण इथे कुवेतमध्ये त्यांना ओळखणारे त्यांना 'शेखरची आई' म्हणूनच ओळखत होते, आणि गावात ओळखणाऱ्यांना त्यांनी इथे काय केलं ते ठाऊक नाही. दोन्हीकडच्या सुमनबाई मला माहीत आहेत.

मराठवाड्यातल्या एका लहान गावाच्या नगरपालिकेत त्या नगरसेविका होत्या. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, माझ्या सासऱ्यांचा गावात दबदबा होता, तेव्हा पक्षानं त्यांना उभं केलं. सगळ्यांना वाटलं, बाई सह्या करील आणि कारभार सासरे बघतील. पहिलं वर्षभर झालंही तसंच. पुढे वाटणीत कुणाला नको असलेली आरोग्य समिती त्यांच्याकडे आली आणि त्या सभापती झाल्या. त्याच सुमाराला सुधारणेचं वारं आलं होतं. पालिकेचा दवाखाना आणि प्रसूतिगृह एका संस्थेला चालवायला दिलं गेलं. नवं यंत्र येईल, चोवीस तास डॉक्टर असेल, पालिकेचा खर्चही वाचेल, असं सांगितलं होतं. दर सभेत मुख्याधिकारी अहवाल वाचायचे, सगळं उत्तम चाललंय, आणि सभासद बाकं वाजवायचे.

आई एका दुपारी डोक्यावर पदर घेऊन प्रसूतिगृहात गेल्या आणि बायकांमध्ये बाकावर बसल्या. कुणाला काही सांगितलं नाही. तिथल्या मुलीनं त्यांना ओळखलंही नाही. दिवस भरलेली एक बाई आली, तर तिला ती मुलगी म्हणाली, "डॉक्टर नाहीत, तालुक्याला जा." आईंनी तिला आपल्या रिक्षातून तालुक्याला पोचवलं आणि घरी येऊन स्वयंपाक केला. पुढच्या सभेत मुख्याधिकाऱ्यांनी पुन्हा चोवीस तास डॉक्टरचं वाचलं, तेव्हा त्या उठल्या. "साहेब, मी तिथं बसून आले. तुम्ही कधी बसलाव?" हा प्रसंग शेखरनं मला लग्नाआधीच सांगितला होता. सांगताना त्याला अभिमान होता, पण थोडी चीडही होती, कारण ती संस्था त्यांच्याच पक्षाच्या पुढाऱ्याच्या मेव्हण्याची होती.

आईंना संस्था हाकलायची नव्हती. त्यांचं म्हणणं साधं होतं. संस्था चालवू दे, पण निवडून दिलेल्या माणसांनी न सांगता कधीही तिथं जावं, पेशंटांत बसावं, आणि जे दिसलं ते उघड सभेत सांगावं. तो ठराव त्यांनी तीन बायकांच्या आणि विरोधकांच्या जोरावर मंजूर करून घेतला. घरी आठवडाभर सासरे बोलले नाहीत. पुढच्या निवडणुकीत तिकीट कापलं गेलं. मी एकदा विचारलं, "वाईट नाही वाटलं?" त्या मेथी निवडत होत्या. "वाटलं की. चार दिवस रडले. पण तिकीट गेलं अन् डॉक्टरीण आली ना," म्हणाल्या.

आम्ही अंत्यविधीला गावी पोचलो, तेव्हा ती डॉक्टरीण मला भेटली. आता तिचे केस पिकलेत. ती म्हणाली, "बाईंनी मला कधी चांगलं म्हटलं नाही हो. यायच्या, बसायच्या, निघून जायच्या. नगरसेविका नव्हत्या तेव्हाही यायच्या. त्या बाकावर दिसल्या की माझी पाठ ताठ व्हायची." मग म्हणाली, "त्यांच्यामुळेच टिकले मी तिथं. कुणीतरी बघतंय, एवढं पुरे असतं कधीकधी."

सासरे गेल्यावर शेखरनं त्यांना इथे आणलं. आम्ही अहमदीकडच्या भागात राहतो. आईंना इथलं ऊन, वाळूचं वादळ, सातव्या मजल्यावरचं घर, कशाचंच काही वाटलं नाही. त्यांना एकाच गोष्टीचं नवल वाटे. "इथं वॉर्डाचा माणूस कोण गं? नळ गेला तर कुणाकडं जायचं?" मी म्हणायची, "आई, वॉचमनकडे." त्या हसायच्या. स्वभाव मात्र हट्टी. साखरेचा आजार होता आणि खजूर त्या लपवून खायच्या. आमची मुलगी सई त्यांना इंग्रजीत दटावायची, "आज्जी, that is your fourth one!" आणि आई मराठीत उत्तर द्यायच्या, "तू मोजायलीस कामून? अभ्यास कर."

साखरेच्या गोळ्यांसाठी त्या आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात जायच्या. मधे तिथली पद्धत बदलली. नंबर आता फोनवरच्या ॲपवरूनच घ्यायचा. माझ्यासारखीला बरंच झालं, रांग गेली. आईंचा नंबर मीच घ्यायची. पण त्या तिथे बसून बघत होत्या. एक दिवस त्या घरी आल्या आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसल्या. विचारलं तर म्हणाल्या, "आंध्राची एक म्हातारी, कुणाच्यातरी घरी स्वयंपाकाला आहे. पाय सुजून टम्म. फोन साधा. तिला परत पाठवलं. परवा पण पाठवलं होतं म्हणे." दुसऱ्या दिवशी नंबर नसताना त्या पुन्हा गेल्या आणि दुपारपर्यंत तिथे बसून आल्या. तिसऱ्या दिवशीही गेल्या.

शेखरला हे कळलं तेव्हा तो भडकला. इतक्या वर्षांत मी त्याला आईंवर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. "आई, ही आपली नगरपालिका नाही. इथं आपण अकाम्यावर राहतो. राहायचा परवाना त्यांनी दिलाय, उद्या काढून घेतला तर सईची शाळा, माझी नोकरी, हे घर, सगळं एका दिवसात जाईल. इथं तोंड उघडायचं नाही." आईंनी ऐकून घेतलं. त्याचं बोलणं संपल्यावर म्हणाल्या, "तू म्हणतोस ते खरंय. मी भांडणार नाही. पण सांगायचं कुणाला, एवढं तरी सांग. ऐकणारा कुणी असेलच की."

ऐकणारा कोण ते मी बँकेतल्या माझ्या एका कुवेती सहकारिणीकडून काढलं. प्रत्येक भागाला सरकारनं नेमलेला एक मुख्तार असतो, लोक छोटीमोठी गाऱ्हाणी घेऊन त्याच्याकडे जातात. "बाहेरचे गेले तर चालतं?" मी विचारलं. ती म्हणाली, "सलाम करून आत जा. चहा तरी नक्की मिळेल." मी शेखरला सांगितलं आणि आईंना घेऊन गेले. तो 'जाऊ नका' म्हणाला नाही. पण त्या दिवशी तो जेवला नाही.

मुख्तार सत्तरीचे असतील. पांढराशुभ्र पायघोळ दिशदाशा, हातात मण्यांची माळ. मी इंग्रजीत सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि आईंकडे बघून म्हणाले, "बैठो, अम्मा. हिंदी आता है मेरे को. मेरा बाप बंबई में खजूर बेचता था." आईंचा चेहरा एकदम उजळला. मग त्या दोघांचं सुरू झालं आणि मी नुसती चहा पीत बसले. त्यांनी विचारलं, "शिकायत है?" आई म्हणाल्या, "नहीं साहब. दवाखाना अच्छा है, डॉक्टर अच्छे हैं. बस आप एक दिन उधर जाके बैठो. सुबह से दोपहर. कुछ बोलो मत." ते हसले. "मेरे को सब पहचानते हैं. आगे बिठा देंगे." "तो पीछे बैठो," आई म्हणाल्या, "मेरे बाजू में."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दारावरची बेल वाजली की मी आधी सईला आत पाठवायची. आणि एका सुट्टीच्या दिवशी दुपारी त्याला अनोळखी नंबरवरून फोन आला. पलीकडून अरबीत कुणीतरी त्याच्या आईचं नाव घेतलं. फोन ठेवून त्यानं मला सांगितलं. "मला वाटलं, संपलं. मग तो माणूस इंग्रजीत म्हणाला, मुख्तारसाहेब विचारतायत, मंगळवारी सकाळी तुमच्या आईंना वेळ आहे का?"

मंगळवारी मी रजा टाकली. मुख्तार दवाखान्यात आले, लोक उठून उभे राहिले, कुणी खुर्ची पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. मागच्या रांगेत आईंशेजारी येऊन बसले आणि दुपारपर्यंत उठले नाहीत. कितीजण काउंटरवरून परत गेले ते त्यांनी पाहिलं. मधे एका वॉचमनला त्यांनी जवळ बोलावून काहीतरी विचारलं. निघताना आईंना एवढंच म्हणाले, "मेरा घर यहाँ से दो गली है, अम्मा. मैं कभी नहीं बैठा."

त्यांनी पुढे कुणाशी काय बोलणं केलं ते आम्हाला कधीच कळलं नाही. पण काही दिवसांनी तिथे एक वेगळं काउंटर सुरू झालं, ज्यांना ॲप जमत नाही त्यांना हातानं नंबर द्यायला. ते आजही आहे. काउंटर सुरू झालं त्या रात्री जेवताना शेखर म्हणाला, "आई, मी घाबरलो होतो." आई म्हणाल्या, "मी पण. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागला तिथं. गौरीला विचार." माझ्याकडे बोट होतं त्यांचं, पण मला तर ते दिसलंच नव्हतं.

आपल्या छातीत दुखत असताना मात्र ही बाई पंगत उठायची वाट बघत राहिली. याचा मला अजून राग येतो. दुसऱ्याच्या दुखण्यासाठी दिवसदिवस बसणारी, स्वतःसाठी घटकाभर लवकर उठली नाही.

त्यांची खोली आम्ही अजून आवरलेली नाही. त्या खोलीचं दार त्या कधी लावत नसत. गावी आयुष्यभर माणसं येत-जात असलेल्या घरात राहिल्यामुळे बंद दाराआड त्यांना झोपच लागायची नाही. शेखरचं जुनं डंबेल त्या दाराला अडकण म्हणून लावायच्या आणि शेखर येता-जाता कुरकुरायचा, "आई, एसीची सगळी हवा जाते बाहेर." परवा मी झाडताना ते डंबेल उचलून कपाटात ठेवलं आणि दार ओढून घेतलं. संध्याकाळी शेखर कामावरून आला, बूटही न काढता आत गेला. थोड्या वेळानं मी बघते तर दार सताड उघडं, डंबेल दाराशी, आणि तो आईंच्या पलंगावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता.

मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "राहू दे गं. हवा येते."