चहा उकळायलाय

मला जळायला फार काही लागत नाही, हे आधीच सांगून टाकते. शेजारणीच्या मोगऱ्याला माझ्यापेक्षा जास्त कळ्या आल्या तरी माझी सकाळ नासते. पण त्या दिवाळीच्या सुट्टीत सोनपेठला मी ज्या गोष्टीवरून जळले, तिच्यावरून आजवर दुसरं कुणी जळलं असेल असं वाटत नाही. मी एका वाक्यावर जळले. 'चहा उकळायलाय' एवढंच ते वाक्य. ते माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं माझ्या सासूबाईंना म्हटलं आणि सासूबाईंना ते कळलं.

सासूबाईंना परळीच्या वैजनाथाचं आणि औंढ्याच्या नागनाथाचं दर्शन घ्यायचं होतं. नवऱ्याला कोकणात जायचं होतं, लेकीला कुठेच जायचं नव्हतं. मी सासूबाईंच्या बाजूनं मत दिलं, कारण परळी आणि औंढ्याच्या मध्ये माझा परभणी जिल्हा पडतो. मी मूळची बोरीची. आई-वडील गेले, भावानं घर विकून संभाजीनगर गाठलं, त्यामुळे आता माझ्याच जिल्ह्यात मला हॉटेलची खोली शोधावी लागते. परळीहून निघताना मी म्हटलं, वाटेत सोनपेठला माझी मैत्रीण आहे, जेवायला बोलावलंय तिनं. खरं म्हणजे वाट जरा वाकडीच करावी लागली. पण ड्रायव्हर नवराच होता, त्यामुळे कुणी काही बोललं नाही.

परभणीला कॉलेजात असताना ही मैत्रीण आणि मी होस्टेलच्या एका खोलीत राहायचो. ती तेव्हा बोलायचीच नाही. मेसमध्ये भाजी वाढा म्हणायचं तरी माझ्या कोपराला धक्का द्यायची. बोलायचं काम माझं. मी बोलायला लागले की आजूबाजूच्या खोल्यांतल्या पोरी येऊन आमच्या कॉटवर बसायच्या. रेक्टरबाईंची नक्कल, आमच्या गावच्या सरपंचांचं भाषण, एसटीत जागा धरणाऱ्या बायांची भांडणं. तोंडाची टकळी म्हणतात, ती माझी दिवे मालवले तरी थांबायची नाही. ती कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन हसत राहायची आणि मधूनच म्हणायची, 'ते परत म्हन की.'

मग माझं लग्न पुण्यात झालं.

नव्यानव्यानं सासूबाई बाहेरच्या खोलीतून विचारायच्या, "दूध तापलं का गं?" मी म्हणायचे, "तापायलंय." त्या लगबगीनं आत यायच्या. "तापायचंय? म्हणजे अजून ठेवलंच नाहीस?" आणि बघतात तर पातेल्यात दूध साय धरत असायचं. असं कितीदा झालं. मी 'पोळ्या करायलेय' म्हटलं की त्यांना वाटायचं, हिची अजून कणीक भिजवायची आहे. नणंद पोट धरून हसायची. सासूबाई मात्र हसू आवरून पाठीवर हात ठेवायच्या. "तापतंय म्हणावं, बाळ. आपल्याकडे असं म्हणत नाहीत."

त्या वाईट नव्हत्या. वाईट असत्या तर मी कडाकडा भांडले असते, तेवढी धमक होती माझ्यात. त्या मायेनं दुरुस्त करायच्या, आणि मायेला उलट उत्तर कसं द्यायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. 'आमी'चं आम्ही झालं, 'लय'चं खूप झालं, 'करायलेय'चं करतेय झालं. पहिली काही वर्षं मी आईशी फोनवर बोलायला गॅलरीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. पुढे पाहुण्यांसमोर सासूबाई कौतुकानं सांगायला लागल्या, "सूनबाई मराठवाड्याच्या आहेत आमच्या, पण बोलण्यावरून ओळखायची नाहीत तुम्ही." हे मी पदक मिळाल्यासारखं मिरवलं. आई गेल्यावर तर तसं बोलायला माणूसच उरलं नाही.

तर आम्ही सोनपेठला पोचलो. मैत्रिणीच्या नवऱ्याचं खत-बियाण्यांचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर घर. ती खाली रस्त्यावरच उभी होती. कपाळावर विभूती, अंगावर दिवाळीची नवी साडी. मला मिठी मारून म्हणाली, "आलीस का गं माय. मी म्हनलं, रस्ता चुकली का काय."

तेवढ्यानं माझे डोळे भरून आले. मला 'माय' म्हणणारं कुणी भेटून किती वर्षं झाली होती. मी काही बोलणार, तोवर तिनं मला सोडून सासूबाईंचा हात धरला होता.

"आई, सावकाश चढा. हितं बसा. पाय वर घ्या खुशाल, घर काय पळून चाललंय व्हय?"

सासूबाई खळखळून हसल्या. मी जिन्यातच थांबले. ते वाक्य माझं होतं. होस्टेलला कुणी घाईत आलं की मी म्हणायचे, बस खुशाल, खोली काय पळून चाललीय व्हय. शब्द आणि ठेका तोच, 'खुशाल'वरचा तो लाडिक हेलसुद्धा तोच. कोपऱ्यात बसून हसणाऱ्या त्या मुलीनं सगळं साठवून ठेवलं होतं, आणि आता माझाच माल माझ्याच सासूला देत होती.

सासूबाई बसल्या. गाडीत दिवसभर गुडघे दुखतात म्हणून कण्हणाऱ्या सासूबाईंनी खरोखर पाय वर घेतले. मैत्रीण आतून म्हणाली, "चहा उकळायलाय, आई. तवर पाणी घ्या."

मी सासूबाईंकडे पाहिलं. आता विचारतील, वाटलं, की उकळायचाय म्हणजे अजून ठेवलाच नाही का? त्या म्हणाल्या, "उकळू दे गं, निवांत. घाई कुणाला आहे?"

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू.

जेवायला ज्वारीच्या भाकरी, येसर मसाल्याची आमटी, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी. सासूबाई पुण्यात अर्धी पोळी खाऊन उठतात. इथे मैत्रीण त्यांच्या ताटात भाकरी टाकायची आणि म्हणायची, "एका भाकरीत काय व्हतंय आई? आमच्याकडं पाखरं बी ह्याच्यापेक्षा जास्त खातेत." हेही माझंच. सासूबाई हसत हसत दुसरी भाकरी जेवल्या. माझी लेक, जी एरवी मोबाइलमधून डोकं वर काढत नाही, ती 'लय भारी' म्हणायला लागली. नवरा म्हणाला, "याला म्हणतात अस्सल." आणि सासूबाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय गोड बोलते गं तुझी मैत्रीण. नुसतं ऐकत बसावंसं वाटतं."

मी 'हो ना' म्हटलं आणि आमटी भुरकली. पिकतं तिथं विकत नाही हे खरंच आहे, पण माझ्या बाबतीत पिकलेलं आधी उपटून टाकायला लावलं होतं आणि आता तेच दुसऱ्याच्या शेतात बघून वाहवा चालली होती. त्या जेवणात मला दुसरं काही नको होतं. सासूबाईंनी एकदाच म्हणावं, 'तूही पूर्वी अशीच बोलायचीस ना गं?' एवढंच. वाट बघता बघता माझं ताट रिकामं झालं.

मैत्रीण आणखी भाकरी करायला आत गेली, तशी मीही मागोमाग गेले. बाहेर सासूबाई लेकीला कसलीशी गोष्ट सांगत होत्या. आत आम्ही दोघीच. मनात म्हटलं, आता बोलावं. इथे कोण हसणार आहे?

"किती घाई करायलीस गं," मी म्हटलं, "दम धर की जरा."

तिचा भाकरीवरचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

"तू नको गं बोलू तसं."

"कामून?"

हे 'कामून' ऐकून तर ती आणखीच हसली. "ते मालिकेतल्या बाया गावाकडलं बोलतेत न्हाई का, तसं वाटायलंय."

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मी तव्यावरच्या भाकरीपेक्षा जास्त भाजले. मघाशी ती माझा माल विकत होती म्हणून जळत होते. आता कळलं की दुकानच तिच्या नावावर झालंय. माझ्या तोंडी माझेच शब्द उसने वाटत होते. मी हाताला लागलेली राळ्याच्या धान्याची पिशवी उगाच इकडची तिकडे ठेवली.

"तुझं काय बाई," ती पीठ मळता मळता म्हणाली, "तुझं बोलनं ऐकलं की मला कसंतरीच वाटतं. बातम्या देनाऱ्या बाईवानी बोलायलीस. माझं एक काम करतीस का?"

"काय?"

"पोरगी औंदा पुण्याला कॉलेजला टाकलीय. दिवाळीला आली व्हती, परवाच गेली परत. रविवारचं तुझ्याकडं येऊ दे तिला. तिचं बोलनं जरा तुझ्यावानी कर."

"तिच्या बोलण्याला काय झालंय?"

"वर्गातल्या पोरी हसतेत म्हनं. आता मलाच म्हनायलीय, मम्मी तू फोनवर हळू बोलत जा, रूममधल्या पोरी ऐकतेत." तिनं भाकरी उलटली. "मला लय लागलं ते. पन तिचं बी खरंच हाय. तू कशी शिकलीस गं? कुनी शिकवलं?"

बाहेरून सासूबाईंचा हसण्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, "आपोआप येतं." आणि पाणी वाढण्याचं निमित्त करून बाहेर आले. तिला खरं सांगायचं होतं. पण खरं सांगितलं असतं तर तिनं माझी कीव केली असती, आणि त्या दिवशी तिची कीव मला सोसली नसती.

निघताना तिनं सासूबाईंची आणि माझी ओटी भरली. सासूबाईंना वाकून नमस्कार केला आणि त्यांनाच म्हणाली, "आई, माझी पोरगी पुण्यात हाय. रविवारचं येईल तुमच्याकडं. हिच्यावानी बोलायला शिकवा तिला."

सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला. "अगं, शिकवायचं काय त्यात? इतकी गोड भाषा तुमची. तिला म्हणावं, तशीच बोल. आमच्या घरात कुणी कुणाच्या बोलण्याला कधी नावं ठेवली नाहीत. विचार हवं तर हिला."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. दूध, पोळ्या, पाठीवरचा हात, सगळं त्यांच्या डोक्यातून धुऊन गेलं होतं. ज्या गोष्टीसाठी मी दिवसभर त्यांच्या तोंडाकडे बघत होते, ती त्यांच्याकडे नव्हतीच, तर त्या देणार कुठून? नवऱ्याला मात्र आठवत असावं, कारण तो गाडीची किल्ली बोटावर फिरवायची थांबून बुटांकडे बघायला लागला.

"विचार की," सासूबाई म्हणाल्या.

मैत्रीण माझ्याकडे बघत राहिली. तिला खरंच उत्तर हवं होतं, तिच्या लेकीचा प्रश्न होता. माझ्या तोंडाशी पुष्कळ काही आलं, तेही जुन्या बोलीत, जसं मी एके काळी होस्टेलच्या कॉटवर बसून बोलले असते तसं. पण ते आता मालिकेतल्या बाईसारखं वाटणार, हे मला मघाशीच कळलं होतं.

"नाही गं," मी म्हटलं, "आईंनी मला कधीच काही म्हटलं नाही. तुझ्या मुलीला अगदी निःसंकोच पाठव."

सासूबाईंनी समाधानानं मान हलवली. मैत्रीण त्यांच्याकडे वळली.

"ऐकलंत का, आई? निःसंकोच. असं बोलायला आलं पायजे माझ्या पोरीला."

आणि ती माझ्याकडे पाहायला लागली. दिवसभर मी तिच्याकडे जसं पाहत होते, अगदी तसं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.