पाव तास आधीची दुपार

"मी विसरत नाही, पोरी. मले विसरताच येत नाही."

असं म्हणताना ताई टेबलावरची नसलेली धूळ तळहाताने झटकायच्या. राग इतका नीटनेटका सांभाळता येतो, हे मी त्यांच्याकडे पाहून शिकले. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल; पण त्याने सूर्याला हाताशी धरून सूड घेतलेला नसेल.

रायपूरच्या एका शाळेत त्या भूगोल शिकवायच्या, मी संस्कृत. मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे त्यांचा राग माझ्याच वाट्याला यायचा. तो होता प्राचार्यांवरचा.

एके सकाळी ताईंच्या आईला फेफरं आलं. समता कॉलनीतल्या दवाखान्यात तिला दाखवून, शेजारणीवर सोपवून त्या धावत शाळेत आल्या, तर फाटक बंद. प्राचार्यांनी आतून मनगट पुढे केलं. "घड़ी सबके लिए एक है, मॅडम." मधल्या सुट्टीपर्यंत ताई उन्हात उभ्या होत्या आणि मुली खिडक्यांतून बघत होत्या. त्या दिवसापासून त्या 'गेट मॅडम' झाल्या. तेव्हा शाळेत नसलेल्या मुलीसुद्धा पुढे त्यांना त्याच नावाने ओळखायच्या.

"घरी काहून नाही गेल्या, ताई?" मी एकदा विचारलं.

"गेली असती तर तो जिंकला असता."

वर्गात मात्र त्या खुलायच्या. सूर्य हा त्यांचा लाडका विषय. सूर्य रोज बाराच्या ठोक्याला माथ्यावर येत नाही, त्या सांगायच्या. वर्षात कधी तो लवकर येतो, कधी उशिरा. घड्याळाला असं मागेपुढे होणं जमत नाही. म्हणून वर्षभराची सरासरी काढून एक सारख्या चालीचा, मनातला सूर्य मानला. आपलं घड्याळ त्याच्या मागे चालतं. खरा सूर्य आणि हा सरासरीचा सूर्य यांतला फरक जहाजावरच्या लोकांना ठाऊक नसेल, तर दुपारचा सूर्य बघून ते आपली जागा भलतीच ठरवतील. हे सांगताना त्या डोळे मिचकावायच्या. मुलींना जहाजापेक्षा ते मिचकावणंच लक्षात राहायचं.

मग छत्तीसगढ वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, आणि जो तो कशाचं तरी उद्घाटन करू लागला. प्राचार्यांनीही अंगणात उंच खांब उभारायचं ठरवलं. त्याच्या पायाशी उत्तर-दक्षिण पितळी पट्टी. भर दुपारी सावली बरोबर पट्टीवर पडणार. दिशा ताईंनी आखून दिली, काम बीरगावच्या मिस्त्रीने केलं. समारंभ राज्याच्या वाढदिवसाला, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला.

"मॅडम, दोपहर बारह बजे ही होती है ना?" प्राचार्यांनी जाता जाता विचारलं.

"कहते तो यही हैं, सर."

त्या दिवशी ताई मोरपंखी रेशमी साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "या दिवसांत सूर्य पाव तास आधीच माथ्यावरून निघून जाते. आता मजा पाय."

पट्टीवर लाल कापड अंथरलेलं होतं. बड्या पाहुण्यांच्या शेजारी उभं राहून प्राचार्य घड्याळात बघत माइकवरून आकडे मोजू लागले. बाराला त्यांनी कापड ओढलं. पट्टी एकीकडे, सावली वीतभर दुसरीकडे. मुलींच्या रांगांतून हसू फुटलं. पाहुणे म्हणाले, "ये तो आगे निकल गई!"

ताईंच्या चेहऱ्यावर मी इतकं सुख कधी पाहिलं नव्हतं. पण ते टिकलं नाही. प्राचार्य मिस्त्रीकडे वळले. "टेढ़ा लगाया है इसने! उखाड़ो, अभी उखाड़ो!"

मिस्त्री बायकोला घेऊन आला होता, नवा शर्ट घालून. "साहब, मॅडम जइसन बताइन, तइसने लगाय हंव," मॅडमनी सांगितलं तसंच लावलं, एवढंच तो पुटपुटला. त्याच्या बायकोने मान खाली घातली.

ताई उठल्या आणि सरळ माइकपाशी गेल्या. "पट्टी सीधी है. इस आदमी का काम एकदम सही है. सूरज आज पाव घंटा पहले ही सिर पर से निकल गया. मुझे मालूम था."

"तो बताया क्यों नहीं?"

"मैंने सोचा, आप सूरज को भी गेट पर रोक लेंगे."

या वेळी मुली हसल्या नाहीत. आठवड्याच्या आत ताईंची नोकरी गेली.

"पस्तावा होते का?" मी विचारलं.

"मिस्त्रीचा होते. त्याच्या बायकोसमोर झालं ना ते." तळहाताने टेबल झटकत म्हणाल्या, "सरांचा अजून नाही होऊन राहिला."

पुढे त्या घरीच शिकवण्या घ्यायच्या. मी गेले की प्राचार्यांची चौकशी व्हायचीच. तब्येत, गुडघे, सुनेशी पटतं का नाही, सगळं. वाईट बातमी असली की मला दुसरा चहा मिळायचा.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी मीच त्यांना सांगितलं, "सर गेले, ताई."

मला वाटलं, आता चहा होईल. त्या उठल्याच नाहीत. हात मांडीवर तसेच राहिले.

"काहून सांगितलंस व मले?" त्या हळूच म्हणाल्या. "आता मी कोणाशी भांडू?"

त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. भेटायला गेले की उशीवरची मान माझ्याकडे वळायची, ओठ हलायचे, आणि कुणाची चौकशी करावी हे न सुचल्यासारख्या त्या पुन्हा भिंतीकडे वळायच्या.