कॉनरबाबा नवरीचे बाप झाले तेव्हा

सगळ्यांना नमस्कार. आधी माफी मागते. ऱ्हस्व-दीर्घ माझं पहिल्यापासून कच्चं, आणि सातवीनंतर शाळाच सुटली. खालापूरच्या टायपिंग क्लासात एका बोटानं हे टाइप करतेय, लय वेळ लागतोय. कॉनरबाबांच्या पंचाहत्तरीच्या अंकात मोठी मोठी माणसं लिहिणार, तिथं माझं काय काम, असं मी आमच्या नाटक मंडळाच्या गणपतनानांना म्हटलं. ते म्हणाले, "स्टेजवर तू त्यांची लेक झालीस ना गं? मग लेकीनं नको लिहायला?" म्हणून लिहिते.

बाबांना मी पहिल्यांदा बघितलं ते पडद्यावर, कर्जतला तंबूतल्या सिनेमात. मी आईच्या मांडीवर होते. बाबा गोरा सायेब होऊन घोड्यावर बसून आले, शेतकऱ्यांना चाबकानं मारलं, आणि शेवटी कड्यावरून पडून मेले. मग आमी कळंबला मामाकडं गेलो, तर तेच बाबा भाजीवालीपाशी उभे. तिला म्हणत होते, "कालची वांगी किडकी निघाली गं मावशे." मी आईच्या मागं लपले. मेलेला माणूस वांगी कशी घेतो, आणि सायेब आमच्यासारखं कसं बोलतो, हे दोन प्रश्न मला तेव्हापासून पडलेले.

मोठी झाल्यावर धीर करून विचारलं. बाबा आयर्लंडचे. तिकडं ते पोरवयापासून नाटकात कामं करायचे. मग एका फिरत्या कंपनीबरोबर बोटीनं इकडं आले, शाळाकॉलेजांत इंग्रजी नाटकं करत हिंडले. पुढं कंपनी मोडली, बाकीचे परत गेले. बाबा मुंबईत राहिले. आपल्याला स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालेली, आणि सिनेमावाल्यांना मारायला गोरा माणूस लागायचा.

"पण मग कळंबला कसे आलात?" मी विचारलं.

"शूटिंगला. मी झाडाखाली मेलेला होतो. पडल्या पडल्या झोप लागली. सगळं आटपून लॉरी गेली निघून. मेलेल्या सायबाला कोण हाक मारतंय?"

ज्यांच्या शेतात शूटिंग होतं त्या दामूतात्यांनी त्यांना उठवून जेवायला नेलं. दोन दिवस राहतो म्हणाले, ते अजून तात्यांच्याच ओटीलगतच्या खोलीत हायत. कामापुरते मुंबईला जायचे, मरायचे, परत यायचे.

आमच्या मंडळाच्या नाटकात ते पहिल्यांदा कलेक्टर झाले तेव्हाची गोष्ट सगळे सांगतात. त्यांनी नाटकातल्या पाटलाला असं काय दरडावलं की लोकांनी स्टेजवर चपला फेकल्या. नाटक बंद पडलं. दुसऱ्या दिवशी बाबांनी सगळ्या चपला गोळा केल्या, जोड जुळवले आणि देवळाच्या पायरीवर ओळीनं मांडून बाजूला बसले. लोक मान खाली घालून यायचे, आपला जोड उचलायचे. बाबा एकेकाला म्हणायचे, "तुमची लागली हो. नेम चांगला हाय." त्यात टोमणा नव्हता. चपला आल्या म्हणजे काम जमलं, असं ते मानायचे.

पण त्यांना एक लागून होतं. तालमीला चहा पिताना कोणीतरी त्यांना इंग्रज म्हणालं. बाबा हळूच म्हणाले, "मी इंग्रज नाय रं. आमच्यावर पण त्यांचंच राज्य होतं. माझ्या चुलत्याला त्यांनी तुरुंगात घातलेलं."

"मग तुमी जन्मभर त्यांचीच कामं का केली?"

"तोंड तेच हाय ना."

नानांनी सगळ्यांच्या कपात परत चहा ओतला. मग बाबाच बोलले. या वर्षीच्या नाटकात नवरीच्या बापाचं काम हाय, ते मला द्या. आयुष्यात एकदा सायेब सोडून काहीतरी होऊ द्या.

नानांना अवघड झालं. ते म्हणाले, "बाबा, कुणब्याच्या पोरीचा बाप गोरा कसा? लोक हसतील."

"हसू दे. पण पोरीला सासरी धाडताना हसले, तर मी यापुढं सायेबच करीन. परत मागणार नाय."

असं ठरलं. नवरी मी झाले. आमच्याकडं बाईचं काम पुरुषच करायचे, पण त्या वर्षी नवरी होणारा पोऱ्या कारखान्यात कामाला लागला. नवरीला एकच वाक्य होतं, मान खाली घालायची होती, आणि ती मला न सांगताच जमते.

बाबांनी त्या उन्हाळ्यात सगळी लग्नं पालथी घातली. मांडवात मागं बसायचे आणि नुसते मुलीच्या बापाकडं बघायचे. एकदा मला म्हणाले, "तुमच्यातला बाप रडत नाय गं. तो कामं काढतो. वाजंत्र्यांवर ओरडतो, पाणी कमी पडलं म्हणतो, आणि गाडी निघायच्या वेळी नवरीच्या कपड्यांच्या पेटीची दोरी सोडून परत बांधतो. दोरी चांगली असते, तरी."

नाटकाच्या दिवशी रंगवणाऱ्यानं त्यांच्या तोंडाला काळपट रंग लावायला घेतला, तर त्यांनी हात धरला. "नको. लावलास की लोक रंगच बघत बसतील."

बाबा धोतर-मुंडाशात स्टेजवर आले आणि मागून आवाज आला, "कलेक्टर आला रं, चपला सोडा." सगळे हसले. दुसऱ्या अंकातपण हसले. मी आतून बघत होते, नानांनी डोक्याला हात लावलेला. बाबा मात्र आपलं काम करत राहिले, वाजंत्र्यांवर ओरडले, पाण्यावरून कटकट केली. हळूहळू हसणं कमी झालं, पण थांबलं नव्हतं.

मग पाठवणी आली. मी माझं वाक्य बोलले, "येते हो बाबा." त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाय. गाडीवरच्या पेटीकडं गेले, दोरी सोडली आणि परत बांधायला लागले. बांधली. परत सोडली. तिसऱ्यांदा बांधताना त्यांचा हात घसरला.

तेव्हा पुढच्या रांगेतून एक म्हातारे उठले. कुंभिवलीचे पाहुणे होते, त्यांचं नाव मला अजून ठाऊक नाय. ते काठी टेकत स्टेजवर चढले, दोरीचं दुसरं टोक हातात घेतलं आणि म्हणाले, "आवळा तुमी. मी धरतो. पोरीच्या बापानं एकट्यानं बांधायची नसते."

दोघांनी मिळून पेटी बांधली. कोणी हसलं नाय. बायकांनी पदर डोळ्याला लावले. म्हातारे खाली जाऊन बसले आणि मग गाडी हलली.

आत आल्यावर मी बाबांना विचारलं, "तुमी खरंच रडत होता का?" तर ते म्हणाले, "ते सोड. त्या म्हाताऱ्यानं असली गाठ मारली हाय की सुटत नाय, आणि माझे कपडे पेटीत हायत." दोरी कापायची म्हटली तर त्यांनी कापू दिली नाय. त्याच धोतर-मुंडाशात एस्टीत बसून कळंबला गेले.

बाबा, तुमी पडद्यावर इतक्या वेळा मेलात की मरणाचं तुमच्याकडचं काम आता संपलं असं धरा. गुडघे दुखू नयेत, भूक चांगली लागावी, आणि दर साली आमच्या नाटकात तुमी कोणाचे तरी बाप, आजोबा, मामा व्हावं, एवढं माझं देवाकडं मागणं हाय.

आत्ताच क्लासचे सर ओरडत आले, समोरच्या पिंपळावरचं आग्यामोहोळ उठलंय, खिडक्या लावा. तेव्हा इथंच थांबते.