आठव्या गणितातला गॉगलवाला

किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप साचतात. आमच्या आदिलाबादच्या कम्प्यूटर सेंटरमध्ये त्यांना साचायला भरपूर सवड होती. नव्वदीचा शेवट, इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून यायचं, आणि एक पान उघडेपर्यंत चहा सांगून, पिऊन, रिकामे कप परत जायचे. सेंटर राजन्नाचं, शिकवायला मी. आणि बहुतेक किस्से एकाच गिऱ्हाइकाचे, भीमपूरहून बसने येणाऱ्या वाघमारे सरांचे.

सर गणिताचे रिटायर्ड मास्तर. आमच्या भागातून परदेशी गेलेल्यांचा इंटरनेटवर एक फोरम होता. कोणीही लिहावं, कोणीही उत्तर द्यावं. सर तिथे दहावीची गणितं सोडवून टाकायचे. खरं कारण निशा. त्यांची ही एकुलती मुलगी अमेरिकेत होती. तिनं आधी लग्न केलं आणि मग कळवलं, तेव्हापासून सरांचा अबोला. पण निशा तो फोरम रोज वाचते, असं त्यांना बायकोकडून कळलं होतं.

* * *

पहिल्याच दिवशी घोळ झाला. सरांनी एका बोटानं सगळी गणितं टाइप केली, पाठवली, आणि पान उघडलं तर आठव्या गणिताच्या आकड्याच्या जागी एक पिवळं तोंड, काळा गॉगल लावून हसतंय!

"हा कोन व्हय? अन माह्या गणितात काऊन बसून राह्यला?"

"सर, कम्प्यूटर खुश हो गया," राजन्ना म्हणाला.

सरांना मुळीच गंमत वाटली नाही. "पोरगी म्हनन, बाप हासून राह्यला. मी काई हासून नाई राह्यलो."

* * *

राजन्नाचा संशय धुळीवर. त्या काळी आमच्याकडे कम्प्यूटरच्या खोलीत चपला बाहेर काढूनच शिरायचं, देवळासारखं. त्यानं सरांच्या चपला पायरीवरून थेट रस्त्याकडेला नेऊन ठेवल्या, वर त्यांना पाय धुवायला लावले. सरांनी बिचाऱ्यांनी धुतले, ओल्या पायांनी येऊन पुन्हा गणितं पाठवली.

गॉगलवाला तिथेच होता.

* * *

मला मात्र कुतूहल गप्प बसू देईना. आठच का? सर प्रत्येक आकड्यापुढे कंस द्यायचे, 8) असा. मी सात आणि कंस टाइप करून पाठवला, काही नाही. नऊ आणि कंस, काही नाही. आठाशेजारी कंस आला की हा हजर. मग राजन्नानं मान खांद्यावर टाकून पाहिलं आणि ओरडला, "अरे, आठ म्हंजे चष्मा, कंस म्हंजे तोंड!"

आम्ही तिघं माना वाकड्या करून पाहत बसलो. तेवढ्यात नेरडीगोंड्याहून आलेल्या एका गिऱ्हाइकानं दारातून डोकावलं आणि उंबऱ्यावरूनच परत गेलं.

* * *

"सर, कंस सोडा, टिंब द्या," मी सुचवलं.

"टिंब देला का दशांश होते. बाई, तुमी पोराईले काय शिकोता?"

शेवटी सरांनी आठ नंबरच गाळला. सातानंतर एकदम नऊ. फोरमवर लगेच कोणीतरी विचारलं, आठवं गणित हरवलं का? सर दिवसभर अस्वस्थ. जन्मात कधी आकडा गाळला नव्हता त्यांनी, आणि तोही एका तोंडाच्या भीतीनं.

* * *

मी फोरमवरच मदत मागितली. उत्तर आलं, लिहायच्या चौकटीखाली एक बारीक चौकोन आहे, त्यात टिक मारा, या मजकुरात चित्रं होणार नाहीत. आम्ही ते बारीक अक्षर कधी वाचलंच नव्हतं. इतका वेळ वाट पाहिल्यावर पान उघडलं, की पाठवायची घाई.

टिक मारली, आणि आठ नि कंस जसेच्या तसे राहिले. सर प्रथमच खुर्चीत टेकून बसले. पुढे ते दर खेपेला पाठवण्याआधी विचारायचे, "टिक मारली काय?"

* * *

मग एक दिवस सरांच्या गणितांखाली अनोळखी नावानं एक ओळ आली. "सर, आठव्यात तुमची एक पायरी सुटली."

सरांनी गणित पाहिलं. पायरी सुटली होती खरी. मग त्यांनी ती ओळ पुन्हा वाचली.

"ही निशाच व्हय. लहानपनी मी तिले यासाठीच मारो," ते म्हणाले. "पायऱ्या गाळे."

त्यांचा अबोला मोडावा असं मला फार वाटत होतं, पण सांगणारी मी कोण?

दुसऱ्या दिवशी सर आले, खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "बाई, ते टिक काढा."

मी काढली. सरांनी एका बोटानं आठ टाइप केला, मग कंस. पुढे गणित नाही, काही नाही. तेवढंच पाठवलं. पानावर गॉगलवाला हसत बसला. सर चपला घालून बस स्टँडकडे गेले.

सकाळी मी पान उघडून ठेवलं आणि दारात उभी राहिले. सर रस्त्यावर दिसताच मी हाक मारली, "सर, निशाचं आलंय!"

त्या गॉगलवाल्याखाली तिनं लिहिलं होतं, "बाबा, 9) कधी?"

सर पडद्यापर्यंत आले होते ते चपला घालूनच. राजन्नानं चपलांकडे पाहिलं, आणि सरांसाठी खुर्ची पुढे ओढली.